पाख्यावरची ठिणगी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘निवारा’ हा विषय ठरविला आणि त्यातील छपराचा भाग माझ्याकडे सोपविला. त्या वेळी प्रथम मनात आले ते हे की, पाऊस, ऊन आणि वारा या तिघांचा विचार करून आपल्या मुलखातील माणसाने छपराची जी नाना रूपे घडविली त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु चौथा जो अग्नी, त्याच्या दृष्टीने छपराकडे पाहण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही. नवे घर बांधणारा गृहस्थ ‘गळणार नाही ना?’ आणि ‘तापणार नाही ना?’ हे दोन प्रश्न गवंड्याला हटकून विचारतो. ‘पेटणार नाही ना?’ असे विचारणारा विरळा. हा तिसरा प्रश्न घेऊन मी फाल्गुनात, म्हणजे डोंगरावरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि विहिरींचे पाणी तळाला जाऊ लागलेले असते अशा दिवसांत, चिपळूण आणि गुहागर तालुक्यांच्या हद्दीवरील एका वाडीत जाऊन राहिलो.

राब आणि किटाळ

ती वाडी उतारावर वसलेली असल्यामुळे वरच्या पाणंदीत उभे राहिले की सारी छपरे एकदम नजरेखाली येतात. बहुतेक घरे मंगलोरी कौलांची. दोन-तीन जुन्या घरांवर अद्याप कुंभाराच्या हातची नळीची कौले. मुंबईच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या घरांवर स्लॅब आणि त्या स्लॅबवर पुन्हा रंगीत पत्र्याची शेड. गोठ्यांवर सिमेंटचे पत्रे. आणि अगदी टोकाला गवताने शाकारलेला एक मांगर. खालच्या खाचरांत राब भाजण्याचे काम चालले होते. शेण, पालापाचोळा, तोडलेली कवळे आणि गवत यांचे थर जमिनीवर पसरून, वर बारीक माती टाकून ते पेटवावयाचे, आणि त्या भाजलेल्या जागेत पुढे मृगाला भाताचे रोप टाकावयाचे, ही कोकणातील जुनी वहिवाट आहे. जाणता शेतकरी वारा पडलेला पाहून आणि वाऱ्याच्या उलट दिशेने राब पेटवितो, म्हणजे आग सावकाश सरकते व माती नीट भाजते. परंतु दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला आणि रखवालीला कोणी नसले, तर हाच राब बांध ओलांडून वरकस जमिनीतील गवतात शिरतो, काजूच्या बागा पोळतो, आणि त्याची किटाळे वस्तीच्या दिशेने उडू लागतात.

वाडीतील एका वृद्ध सुताराने मला आपल्या घराच्या पाख्यावर चढविले. आढ्याजवळचे एक कौल त्यांनी अलगद उचलले आणि खाली बोट दाखविले. रिपेवर तळहाताएवढा काळा, खडबडीत डाग होता. चार-पाच वर्षांपूर्वी शेजारच्या डोंगराला वणवा लागला असता एक किटाळ उडून आले, आढ्यावरच्या कोन्याचा चुना निखळून जी फट पडली होती तीतून आत शिरले, आणि उंदराने रिपेवर गोळा केलेल्या काथ्याच्या व पाल्याच्या घरट्यात जाऊन बसले. सुदैवाने त्यांची सूनबाई माळ्यावर सरपण काढावयास गेली होती. तिने धूर पाहिला, आणि कळशीभर पाण्याने काम भागले. “कौलाला काय व्हायचंय? भट्टीतनं भाजून आलेलं ते. पण हे खालचं बघा,” असे म्हणून त्यांनी एकेक वस्तू दाखविली: आंब्याची वाळलेली पाने, काजळी धरलेली जळमटे, माळ्यावर रचलेला पेंढा, शेणी आणि नारळाची सोडणे. घरात जे जे म्हणून लवकर पेटणारे, ते ते सगळे आपण छपराच्या निकट नेऊन ठेवतो, ही गोष्ट त्या पाख्यावर ओणवा होऊन पाहताना जितकी स्पष्ट दिसली तितकी ती कोणत्याही पुस्तकात वाचून दिसली नसती.

या लेखात मला जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ त्या काळ्या डागात आहे. छप्पर म्हणजे वरचा थर नव्हे. आढे, लगी, वासे, रिपा, सांधे, वळचण, पन्हळ आणि माळा हे सगळे मिळून छप्पर होते, आणि आग त्यांपैकी सर्वांत दुबळ्या जागेची निवड करते. दुकानात जाऊन ‘न पेटणारे छप्पर द्या’ म्हणणाऱ्यास वरचा थर तेवढा मिळतो.

जुने दाखले

आपल्या इतिहासात छपरांच्या आगीचे दाखले ठळक आहेत. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली असे सांगतात. आज तेथे तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद उभे आहेत, कारण ते दगड-विटांचे होते, आणि वरचे मजले व दिवाणखाने नाहीत, कारण ते सागवानाचे होते. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १७ फेब्रुवारी १८०३ रोजी, मुंबईच्या कोटात जी आग लागली तिने कोटातील दाट वस्तीचा मोठा भाग खाक केला, आणि नंतर कोटाबाहेरच्या वस्तीला वेग आला. तिसरा दाखला आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीतला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठी होत्या, आणि त्या पेटलेल्या गाठी आकाशात उडून आसपासच्या गुदामांवर व वस्त्यांवर येऊन पडल्या. मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामास आले, आणि म्हणूनच १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

या तिन्ही आगींची कारणे भिन्न होती. परंतु गोदीच्या आगीने एक गोष्ट मुंबईकरांना प्रत्यक्ष दाखविली, ती ही की ज्या घरात दिवासुद्धा लागलेला नाही ते घरही वरून पडलेल्या निखाऱ्याने पेटू शकते. डोंगराचा वणवा, शेजारचा राब आणि दिवाळीचा बाण, या तिघांची रीत हीच. त्यातही दिवाळीचा योग मोठा विलक्षण: कोकणात भात झोडून नवा पेंढा घरी येतो, अंगणात उडव्या रचल्या जातात, माळे भरले जातात, आणि त्याच आठवड्यात आकाशात बाण सुटू लागतात.

कौल

कौलाच्या बाजूने बोलावे तितके थोडे आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरजवळ नेत्रावतीच्या काठी यांत्रिक कौलांचा कारखाना काढला. गलबतांतून ती कौले कोकणच्या बंदरोबंदरी उतरली, आणि शतकभरात त्यांनी गवतारू घरांना कौलारू केले. पाऊस हे त्याचे उघड कारण होते. परंतु गावोगावच्या होळ्या, राब आणि चुली यांच्या सान्निध्यात ही घरे टिकून राहिली यात कौलाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याचे श्रेय कौलाला क्वचितच दिले जाते. चिकणमातीचे कौल भट्टीत आठ-नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेले असते. लाकूड सुमारे अडीचशे ते तीनशे अंशांपासून पेट घेऊ लागते. पाख्यावर पडलेला निखारा कौलाचे काहीही बिघडवू शकत नाही. तो तेथेच विझतो.

कौलाचे वैगुण्य त्याच्या सांध्यांत आहे. एका ब्रासला सुमारे एकशे चाळीस ते दीडशे मंगलोरी कौले लागतात. म्हणजे मध्यम घराच्या पाख्यांवर हजार-दीड हजार सांधे झाले, आणि वानराच्या एका उडीने त्यांतले दहा-वीस सरकतात. नळीच्या कौलांचे तर विचारावयासच नको. म्हणून ती दरवर्षी चाळावी लागतात. जुन्या कारागिरांना याची जाणीव होती असे म्हणावयास आधार आहे, कारण मंगलोरी कौलांच्या खाली बसविण्याची नक्षीदार सपाट कौले त्या काळी मिळत आणि सधन घरांत, देवळांत व शाळांत ती बसविली जात. लोकांनी ती थंडाव्यासाठी व शोभेसाठी घेतली असतील. परंतु वरच्या कौलाच्या फटीतून आलेले किटाळ या दुसऱ्या थरावर अडते, वाशांपर्यंत पोहोचत नाही. कोकणात नवे कौलारू घर बांधणाऱ्यास मी निःशंकपणे हा दुहेरी कौलांचा मार्ग सुचवीन. हल्ली पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी कौलांखाली प्लास्टिकचा कागद अंथरतात, गळती थांबावी म्हणून. गळती थांबते खरी. परंतु पेटला असता तो कागद वितळून थेंबाथेंबाने जळत खाली पडतो आणि आग माळ्यावर उतरवितो.

लाकडाविषयीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. जाड सागवानी तुळई आगीत लगेच कोसळत नाही; तिच्या अंगावर कोळशाची साल धरते, ती साल आतल्या गाभ्याला काही काळ राखते, आणि जळण्याचा वेग मिनिटाला मिलीमीटरहून कमीच असतो. माणसे बाहेर पडण्यास तेवढा अवसर मिळतो. बारीक रिपांना आणि चिंचोळ्या वाशांना हा अवसर नसतो. म्हणून वाशांची संख्या वाढवून जाडी कमी करण्याची जी काटकसर आजकाल केली जाते ती आगीच्या दृष्टीने खोटी काटकसर आहे.

पत्रा आणि सिमेंटचा पत्रा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली या बाजूची असंख्य कौले त्याने उडविली. कौले मिळेनात, सुतार मिळेनात, पावसाळा तोंडावर. अशा स्थितीत लोकांनी पत्र्याचा आश्रय घेतला यात नवल नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा जळत नाही, त्याला सांधे थोडे, आणि वरून येणाऱ्या किटाळाला तो कौलापेक्षाही चांगला अडवितो. परंतु आग आतून लागली म्हणजे त्याचे दोष उघडे पडतात. पत्रा उष्णता अडवीत नाही, पुढे पाठवितो. एका खोलीत लागलेल्या आगीने तापलेला पत्रा शेजारच्या माळ्यावरील पेंढा ज्वाळेचा स्पर्श न होताही पेटवू शकतो. त्याला धरणारे पोलादी पाइप साडेपाचशे अंशांच्या सुमारास आपले निम्मे बळ गमावतात, आणि भरल्या घराच्या आगीत तेवढी उष्णता काही मिनिटांतच होते. हलक्या पाइपांवर पेललेले छप्पर मग वाकून खाली येते. जाड तुळई जळतानाही उभी राहते आणि न जळणारा पोलादी पाइप वाकतो, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. बंबावर काम केलेल्या कोणत्याही माणसाला विचारून पाहावे.

सिमेंटच्या पत्र्याची कैफियत निराळी आहे. गोठे, पडव्या, शाळा, कारखाने यांवर वर्षानुवर्षे जो करडा, नागमोडी पत्रा आपण पाहतो त्यात सिमेंटच्या जोडीला बहुतकरून अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो जळत नाही. परंतु तीव्र आगीत तडतडून फुटतो, त्याच्या कपच्या बंदुकीसारखा आवाज करीत उडतात, आणि त्या वेळी सुटणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत गेले असता कालांतराने असाध्य रोग होतात. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली आहे. २०११ च्या जनगणनेत घरांची छपरे मोजताना धातूचा पत्रा आणि अॅस्बेस्टॉसचा पत्रा एकाच रकान्यात घातला होता. आगीत इतके भिन्न वागणारे दोन पदार्थ सरकारदप्तरी एक झाले. माझे मत स्पष्ट आहे: राहत्या घरावर हा पत्रा नव्याने घालू नये, आणि जुना काढावयाचा असल्यास तो फोडून नव्हे तर भिजवून, अखंड उतरवून काढावा.

माळवद आणि स्लॅब

घाटावर, विशेषतः सोलापूर आणि मराठवाडा या भागांत, माळवदाची घरे अग्नीच्या बाबतीत फार शहाणी होती. तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला, आणि त्यावर हातभर पांढरी माती. अशा धाब्यावर पेटता निखारा काय, पेटती गंजी पडली तरी घरातल्यांना कळू नये. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच मातीच्या भाराखाली आणि दगडी भिंतींखाली सहस्रावधी माणसे गाडली गेली. छपराची निवड एकाच शत्रूकडे पाहून करता येत नाही, याचा याहून दारुण दाखला आपल्या राज्यात दुसरा नाही.

स्लॅब हा आज सर्वांच्या मनातला पर्याय. आगीच्या दृष्टीने ती खरोखर उत्तम. परंतु तिचे सामर्थ्य सळईखालच्या सिमेंटच्या आवरणावर अवलंबून असते, ही गोष्ट घरमालकास सहसा कोणी सांगत नाही. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या स्लॅबला तासभर आगीत टिकण्यासाठी २० मिलीमीटर आणि दोन तास टिकण्यासाठी ३५ मिलीमीटर आवरण लागते. हे आवरण म्हणजे सळईला उष्णतेपासून राखणारे कवच. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते, आणि कवचाचे पोपडे खाली पडतात. मग वरून धडधाकट दिसणारी ती स्लॅब आगीपुढे उघडी पडलेली असते. वाडीतील ज्या घरात मी उतरलो होतो तेथे स्वयंपाकघरातील शेगडीच्या बरोबर वर अशीच एक सळई हातभर लांब उघडी झाली होती. तेथे नुसता रंग मारून भागत नाही. स्लॅब भरण्याच्या दिवशी घरमालकाने स्वतः उभे राहून सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवले आहेत की गवंडी खडीच्या तुकड्यांवर काम भागवीत आहे एवढे पाहिले, तरी पुढचा पुष्कळ अनर्थ टळेल.

स्लॅबवरची शेड

छपरांच्या आगीचा नवा अध्याय मात्र स्लॅबच्या वर, गच्चीत लिहिला जात आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहाला आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. इमारत जुजबी नव्हती. तिच्यावर उभारलेले बांबू आणि ताडपत्री यांचे आच्छादन जुजबी होते, आणि आग त्यातून क्षणार्धात पसरली. त्यानंतर नियमांची चर्चा झाली. परंतु गावोगावी गच्चीवर निळी ताडपत्री, फायबरचे पारदर्शक पत्रे, प्लास्टिकच्या पट्ट्यांचे छत, आणि किनाऱ्यावरील विश्रामगृहांत तर हुबेहूब गवतासारखे दिसणारे प्लास्टिकचे गवत, यांची भर पडतच आहे. खरे गवत पेटते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याच्याजवळ निदान काळजी घेतली जाते. या खोट्या गवताखाली पाहुण्यांसाठी शेगड्या मांडलेल्या मी पाहिल्या. विक्रेता ‘आग लागत नाही’ असे सांगतो तेव्हा त्याच्याकडे चाचणीचे प्रमाणपत्र मागावे, आणि ती चाचणी कोणत्या आगीची होती तेही विचारावे. लोणावळ्याकडील बंगल्यांवर दिसणाऱ्या डांबरी शिंगलवर कधीकधी ‘क्लास ए’ असे छापलेले असते. हा दर्जा ठरविणाऱ्या अमेरिकन चाचणीत सुमारे दोन किलो वजनाची पेटती लाकडी जाळी छपरावर ठेवून पाहतात, तर ‘क्लास सी’च्या चाचणीत ठेवलेल्या लाकडाचे वजन दहा ग्रॅमही भरत नाही. एकाच शिक्क्याच्या दोन अक्षरांत एवढे अंतर असते. शिवाय ही चाचणी वरून येणाऱ्या आगीची; खालून लागलेल्या आगीविषयी ती काही सांगत नाही.

ज्यांना गवतावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने डांबर मिसळलेल्या मातीचा लेप गवती छपरास देण्याची रीत फार वर्षांपूर्वी सिद्ध केली. हा लेप पावसात वाहून जात नाही आणि किटाळाला गवतापर्यंत पोहोचू देत नाही. तो स्वस्त आहे, गावच्या माणसाला हाताने देता येतो. आणि तरीही मला वाडीतच काय, वाटेवरच्या कोणत्याही गावात त्याविषयी ऐकलेला माणूस भेटला नाही. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घराला सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. त्या रकमेत स्लॅब पुरी होत नाही म्हणून पुष्कळ घरे पत्र्यावर थांबतात. अशा घरांना निदान पत्र्याखाली माळा न करण्याचा आणि चुलीवरचा भाग मोकळा ठेवण्याचा सल्ला ग्रामसेवकाने हप्ता मिळण्याच्या वेळीच द्यावा, ही तजवीज काही खर्चाची नाही.

निवड कशी करावी

मला कोणी विचारले, तर मी प्रथम पदार्थाचे नाव न सांगता असे विचारीन की, तुमच्या घराला भय कोणत्या आगीचे आहे? डोंगराच्या अंगाला किंवा खाचरांच्या शेजारी घर असेल तर भय वरून येणाऱ्या किटाळाचे. तेथे कौल किंवा पत्रा दोन्ही चालतील, परंतु कोन्यांचे सांधे चुन्याने वा सिमेंटने बंद हवेत आणि वळचणीच्या पोकळीला बारीक लोखंडी जाळी हवी. दाटीच्या वस्तीत, भिंतीला भिंत लागून घर असेल तर भय शेजारच्या खिडकीतून वळचणीला लागणाऱ्या ज्वाळेचे. तेथे लाकडी छज्जा आणि प्लास्टिकची पन्हळ काढून टाकावी, आणि जमल्यास स्लॅब घालावी. आणि घर कोठेही असले तरी तिसरे भय आतल्या आगीचे, चुलीचे, गॅसचे, तारांचे. त्यावर छपराचा पदार्थ फारसे काही करू शकत नाही, माळा रिकामा ठेवणे हाच उपाय. पेंढ्याची उडवी घरापासून, निदान वळचणीपासून, दूर रचावी. सरपण माळ्यावर न ठेवता पडवीबाहेर वेगळ्या खोपीत ठेवावे. तालुक्याच्या गावाहून नगरपरिषदेचा किंवा औद्योगिक वसाहतीचा बंब वाडीपर्यंत येण्यास लागणारा वेळ, आणि फाल्गुनातल्या विहिरीत उरलेले पाणी, यांचा हिशेब ज्याने एकदा केला त्याला या सूचना जाचक वाटणार नाहीत.

आपण मृगाच्या आधी घर शाकारतो, कौले चाळतो, पन्हळी साफ करतो. पिढ्यान्‌पिढ्या हे काम वैशाखात होत आले आहे, कारण ते पावसासाठी असते. वणव्याचे दिवस त्याच्या आधीच, माघापासून सुरू होतात, आणि त्या काळात पाख्यावर वर्षभराचा पाला, माळ्यावर नवा पेंढा आणि कोन्यांच्या फटी तशाच असतात. म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, ही दिवाळी झाली, भाताची कामे उरकली, की संक्रांतीच्या सुमारास एकदा शिडी लावून छपरावर चढावे: पन्हळीतला पाला काढावा, सरकलेली कौले सारखी करावीत, आढ्यावरचे कोने पुन्हा बसवावेत, ताडपत्री उतरवून ठेवावी, आणि माळ्यावरची जळमटे झाडावीत. सुतार त्या दिवसांत मोकळे असतात, आणि एका घराला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही.